कॅनन का निकॉन? पोरं भांडत बसली, पण खरा निकाल एका गोल कडीनं लावला

साधारण २०१२-१३ चा काळ आठवा. फेसबुकला डीपी ठेवायचा तर मोबाईलवर काढलेला फोटो चालायचा नाही. ग्रुपमध्ये एखाद्याच पोराकडं डीएसएलआर असायचा आणि त्याचा भाव लई वाढलेला असायचा. सहल असो, गॅदरिंग असो, मित्राच्या बहिणीचं लग्न असो, नाहीतर रविवारचा किल्ला असो, त्याला आग्रहानं नेलं जायचं. मागचं सगळं धूसर आणि चेहरा तेवढा चकचकीत असा फोटो आला की आठवडाभराची सोय व्हायची. कोपऱ्यात 'अमुक तमुक फोटोग्राफी' हा वॉटरमार्क मात्र गोड मानून घ्यावा लागायचा.

या पोराला दुसरा डीएसएलआरवाला भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कॅनन का निकॉन?"

उत्तर जुळलं तर दोस्ती, नाही जुळलं तर तासभर वाद. कॅननचे रंग भारी, निकॉनची बॉडी दणकट, कॅननच्या लेन्स स्वस्त, निकॉनला अंधारात फोटो चांगला येतो. वाद कधी संपलाच नाही. आज मात्र दोन्ही कंपन्यांनी नवे डीएसएलआर काढणं थांबवल्यात जमा आहे आणि हा प्रश्न विचारायला गेलं तर समोरचा सोनीचा कॅमेरा काढून दाखवण्याची शक्यता बरीच आहे.

मग एवढी वर्षं चाललेल्या या भांडणात नक्की झालं काय? तर त्याचं उत्तर मेगापिक्सेलमध्ये कमी आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेल्या एका गोल कडीत जास्त सापडतं.

ही कडी म्हणजे काय?

डीएसएलआरमधल्या 'एसएलआर'चा अर्थ सिंगल लेन्स रिफ्लेक्स. लेन्सच्या मागं ४५ अंशात तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर जातो, तिथल्या काचेच्या प्रिझममधून फिरून तुमच्या डोळ्यापर्यंत येतो. म्हणजे जे लेन्स बघते तेच तुम्ही बघता. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं, प्रकाश सेन्सरवर पडतो आणि आरसा परत खाली येतो. तो 'खटॅक' आवाज येतो ना, त्यात या आरशाचा वाटा मोठा.

आता लेन्स बॉडीला जिथं बसते तिथं धातूची गोल कडी असते. तिला म्हणतात माउंट. प्रत्येक कंपनीचा माउंट वेगळा. कॅननची लेन्स निकॉनवर बसत नाही, निकॉनची कॅननवर बसत नाही.

धंद्याची खरी मेख इथंच आहे. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, माणूस ती बदलतो. पण चांगली लेन्स पंधरा-वीस वर्षं टिकते. लग्नाच्या ऑर्डरी घेणारा फोटोग्राफर एक बॉडी घेतो, मग हळूहळू हप्त्यांवर दोन-तीन लेन्स घेतो, फ्लॅश घेतो. एवढं झाल्यावर त्याला कंपनी बदलायची असेल तर सगळं सामान सेकंडहँडच्या भावात विकून शून्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून कंपन्यांना पहिली बॉडी तुमच्या हातात देण्याची एवढी घाई असते. एकदा का माउंट ठरला की पुढची बरीच वर्षं गिऱ्हाईक घरचंच.

पहिल्या कॅननला लेन्स होती निकॉनची

निकॉनचा जन्म १९१७ सालचा. तेव्हा नाव होतं निप्पॉन कोगाकू. मित्सुबिशी घराण्याच्या पैशातून टोकियोत उभी राहिलेली ही कंपनी दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक आणि लष्करासाठी लागणारी भिंगाची उपकरणं बनवायची.

कॅननची गोष्ट १९३३ ची. टोकियोच्या रोप्पोंगी भागात एका इमारतीत छोटी प्रयोगशाळा सुरू झाली. उद्देश एकच, जर्मनीच्या महागड्या लायकाच्या तोडीचा कॅमेरा जपानमध्ये बनवायचा. १९३४ साली त्यांनी नमुना तयार केला आणि त्याचं नाव ठेवलं 'क्वानन'. हे जपानमधल्या बौद्ध परंपरेतल्या करुणेच्या देवतेचं नाव. मूळ शोधत गेलं तर ही देवता म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात हातात कमळ घेतलेला जो पद्मपाणी आहे, तो याच बोधिसत्त्वाचं रूप. पुढं क्वाननचं झालं कॅनन.

गंमत पुढंच आहे. या नव्या पोरांना कॅमेरा बनवता येत होता, पण लेन्स बनवता येत नव्हती. ती त्यांनी घेतली निप्पॉन कोगाकूकडून. १९३६ साली बाजारात आलेल्या 'हान्सा कॅनन' या पहिल्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची निक्कोर लेन्स होती, आणि ती बसवायचा माउंटसुद्धा निप्पॉन कोगाकूनंच बनवला होता. ज्या दोन नावांवरून पुढं फोटोग्राफर भांडले, त्यांची सुरुवात अशी एकाच कॅमेऱ्यात झालेली.

निकॉननं दिलेला शब्द

दुसरं महायुद्ध संपलं आणि लष्कराच्या ऑर्डरी बंद झाल्या. निप्पॉन कोगाकू मग स्वतःच कॅमेऱ्यात उतरली. १९५० साली 'लाइफ' मासिकाचे फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. त्यांनी निक्कोर लेन्स वापरून बघितली आणि ते थक्क झाले. पुढं कोरियाच्या युद्धात त्यांनी याच लेन्स वापरल्या. जपानी माल म्हणजे स्वस्तातली नक्कल, हा अमेरिकेतला समज मोडायला तिथून सुरुवात झाली.

१९५९ साली निकॉननं 'निकॉन एफ' आणला. बॉडी भक्कम, सुटे भाग बदलता येणारे, रणांगणात टिकणारी. बातमीदारीच्या फोटोग्राफरांचा हा लाडका कॅमेरा झाला. त्याच्याबरोबर आला 'एफ माउंट', आणि निकॉननं एक गोष्ट पाळली. बॉड्या बदलल्या, फिल्म जाऊन डिजिटल आलं, तरी कडी तीच ठेवली. २०२० साली आलेल्या निकॉन डी६ लासुद्धा एफ माउंटच आहे. आजोबांच्या काळातल्या कित्येक लेन्स नातवाच्या कॅमेऱ्यावर बसतात, हे निकॉनवाले अभिमानानं सांगायचे ते उगाच नाही.

कॅननचा जुगार

१९८५ साली मिनोल्टा या तिसऱ्याच जपानी कंपनीनं बॉम्ब टाकला. त्यांच्या मिनोल्टा ७००० मध्ये ऑटोफोकस थेट कॅमेऱ्यातच दिलेला होता. बटण अर्धं दाबलं की फोकस आपोआप. कॅनन आणि निकॉन दोघंही गाफील सापडले.

निकॉननं सरळ मार्ग धरला. एफ माउंट तसाच ठेवला, बॉडीत मोटार बसवली आणि एका छोट्या स्क्रूनं ती लेन्सला फिरवू लागली. जुन्या गिऱ्हाइकाला त्रास नाही.

कॅननचा जुना 'एफडी' माउंट होता. १९८७ साली कंपनीनं तो सरळ फेकून दिला आणि 'ईओएस' कॅमेऱ्यांसोबत 'ईएफ' नावाचा नवा माउंट आणला. कडी ५४ मिलिमीटर रुंद, निकॉनची होती ४४. त्यात ना कुठला स्क्रू, ना कुठली खिट्टी. बॉडी आणि लेन्स एकमेकांशी फक्त विजेच्या संदेशांनी बोलणार आणि फोकसची मोटार प्रत्येक लेन्सच्या आत असणार.

ज्यांनी वर्षानुवर्षं पैसे साठवून एफडी लेन्स घेतल्या होत्या, त्यांच्यासाठी हा धक्काच होता. नव्या बॉडीवर त्यांची एकही लेन्स सरळ बसत नव्हती. कंपनीनं फसवलं अशी भावना अनेकांची झाली आणि ती चुकीची म्हणता येणार नाही. नव्या माउंटचा फायदा पुढच्या गिऱ्हाइकाला होता, बिल मात्र जुन्यानं भरलं.

पण प्रत्येक लेन्सला तिच्या वजनाप्रमाणं वेगळी मोटार देता येत असल्यानं कॅननच्या मोठ्या लेन्स सुसाट फोकस करू लागल्या. याचा सगळ्यात जास्त उपयोग कुणाला? खेळाच्या फोटोग्राफरांना. नव्वदीच्या दशकात मैदानांच्या कडेला कॅननच्या पांढऱ्या लेन्सची रांग दिसू लागली. उन्हात लेन्स तापू नये म्हणून त्यांना पांढरा रंग असतो, पण टीव्हीवर दिसणारी ती कॅननची फुकटची जाहिरातही झाली.

डिजिटलची मारामारी

डिजिटल एसएलआर आले तेव्हा ते सामान्य माणसासाठी नव्हतेच. १९९१ साली कोडॅकनं निकॉन एफ३ ची बॉडी घेऊन डिजिटल कॅमेरा बनवला. १.३ मेगापिक्सेल, फोटो साठवायला खांद्यावर लटकवायचं वेगळं खोकं, आणि किंमत वीस हजार डॉलरच्या घरात.

१९९९ साली निकॉननं डी१ आणला. २.७ मेगापिक्सेल आणि किंमत साधारण साडेपाच हजार डॉलर. वर्तमानपत्रांना हा आकडा परवडणारा होता, कारण फिल्म धुण्याचा वेळ आणि खर्च दोन्ही वाचत होतं.

कॅननचं उत्तर होतं स्वतःच्या कारखान्यात बनवलेला सीमॉस सेन्सर, जो २००० साली डी३० मध्ये आला. आणि २००३ साली आला ३००डी. ६ मेगापिक्सेलचा हा डीएसएलआर अमेरिकेत लेन्ससकट ९९९ डॉलरला मिळत होता. हजार डॉलरची भिंत पडली आणि डीएसएलआर स्टुडिओतून घरात आला. पुढच्याच वर्षी निकॉननं डी७० काढला आणि किमतीचं युद्ध पेटलं. कॅनन सांगते त्याप्रमाणं लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत ती २००३ पासून सलग पहिल्या नंबरवर आहे.

३००डी मध्ये एक चलाखीही होती. त्यातला सेन्सर कॅननच्या महागड्या १०डी मधलाच होता, पण काही सुविधा सॉफ्टवेअरमधून बंद ठेवल्या होत्या. नाहीतर १०डी घेतला कुणी असता? हौशी लोकांनी सॉफ्टवेअर बदलून त्यातल्या काही सुविधा चालू करून दाखवल्या. स्वस्त माल महाग मालाला खाऊ नये म्हणून मुद्दाम अडवून ठेवायचं, ही सवय लक्षात ठेवा. पुढं ती महागात पडली.

निकॉननंही काटकसर केली. २००६ सालच्या डी४० पासून स्वस्त बॉडीतली मोटार काढून टाकली. म्हणजे माउंट तोच, लेन्स बसणार, पण जुन्या लेन्सचा ऑटोफोकस चालणार नाही. आपल्याकडंही अनेकांनी डी३२०० साठी स्वस्तातली ५० मिलिमीटरची 'डी' लेन्स घेतली आणि घरी आल्यावर कळलं की फोकस हातानंच फिरवावा लागणार.

तीन आठवडे आणि एक व्हिडिओ बटण

२००७ साली कॅननच्या १डी मार्क ३ मध्ये ऑटोफोकसच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला दुरुस्ती करून द्यावी लागली. त्याच वर्षी निकॉननं डी३ आणला. फुल फ्रेम सेन्सर आणि कमी उजेडात जबरदस्त फोटो. बरेच फोटोग्राफर निकॉनकडं परतले.

२००८ च्या ऑगस्टमध्ये निकॉननं डी९० जाहीर केला. व्हिडिओ काढणारा हा पहिला डीएसएलआर. तीनच आठवड्यांत कॅननचा ५डी मार्क २ आला, तोही फुल फ्रेम आणि फुल एचडी व्हिडिओसह. मान निकॉनचा होता, पण बाजार कॅननच्या हाती गेला. मोठ्या सेन्सरमुळं व्हिडिओतही मागचं धूसर दिसू लागलं, जे आधी सिनेमाच्या महागड्या कॅमेऱ्यांनाच जमायचं.

याचा परिणाम थेट मुंबईपर्यंत आला. अमोल गुप्ते यांचा २०११ चा 'स्टॅनली का डब्बा' हा सिनेमा कॅनन ७डी वर शूट झाला. कॅमेरा होता अमोल गोळे यांचा. लहान कॅमेऱ्यामुळं शाळेतली पोरं बावरली नाहीत आणि त्यांचा अभिनय सहज आला. शॉर्ट फिल्म करणाऱ्या, एकांकिकेतून आलेल्या कित्येक पोरांना मग वाटलं की आपल्यालाही जमेल. प्री-वेडिंगच्या व्हिडिओंची लाटही याच कॅमेऱ्यांवर आली.

आणि मग सोनी घुसली

ज्या मिनोल्टानं १९८५ साली दोघांची झोप उडवली होती, ती २००६ साली कॅमेऱ्याच्या धंद्यातूनच बाहेर पडली. तिचा हा विभाग घेतला सोनीनं. सोनीनं डीएसएलआर काढून बघितले, पण कॅनन-निकॉनच्या माउंटमध्ये अडकलेली गिऱ्हाइकं काही केल्या हलेनात. गंमत म्हणजे निकॉनच्या कित्येक डीएसएलआरमध्ये सेन्सर सोनीचाच असायचा.

सोनीनं मग विचार केला, आरसाच काढून टाकला तर? सेन्सरवर पडणारं चित्र थेट स्क्रीनवर दाखवायचं. आरशाला हलायला जागा लागते म्हणून निकॉनच्या डीएसएलआरमध्ये कडीपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर आहे, कॅननमध्ये ४४. सोनीच्या 'ई माउंट'मध्ये ते फक्त १८ भरतं. कॅमेरा बारीक झालाच, पण दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. या उरलेल्या जागेत अडॅप्टर बसवून कॅननची लेन्स सोनीवर लावता येत होती.

२०१३ साली सोनीनं फुल फ्रेम मिररलेस ए७ आणला आणि कुलूप फुटलं. आता कॅननवाल्याला लेन्स न विकता सोनीची बॉडी घेऊन बघता येत होती. शिवाय सोनीनं ई माउंटची मूलभूत माहिती २०११ पासूनच इतर लेन्स कंपन्यांना खुली केली होती, त्यामुळं सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्सही येत गेल्या.

कॅनन आणि निकॉनला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. निकॉननं २०११ साली आणि कॅननननं २०१२ साली मिररलेस काढले होते. पण निकॉनचा सेन्सर छोटा होता आणि कॅननचा ऑटोफोकस संथ. आपल्याच डीएसएलआरची विक्री खाली येऊ नये म्हणून दोघांनी हात राखून काम केलं, असं अनेक जाणकार म्हणतात. सोनीकडं मात्र वाचवण्यासारखा मोठा डीएसएलआरचा धंदा नव्हताच.

खरी फुल फ्रेम उत्तरं आली २०१८ साली. ऑगस्टमध्ये निकॉन झेड, सप्टेंबरमध्ये कॅनन ईओएस आर. ए७ नंतर जवळपास पाच वर्षांनी. दोघांनीही नवे माउंट आणले, आणि निकॉनच्या एफ माउंटचा ५९ वर्षांचा शब्द इथं सुटायला लागला. २०२० साली असोसिएटेड प्रेस या जगभर पसरलेल्या वृत्तसंस्थेनं आपल्या फोटोग्राफरांसाठी सोनीची निवड केली.

तोपर्यंत बाजारच आटला होता. जपानी कॅमेरा कंपन्यांची संघटना 'सिपा'च्या आकड्यांनुसार २०१० साली १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते, २०२० साली ९० लाखसुद्धा नाहीत. साधे खिशातले कॅमेरे मोबाईलनं खाल्ले. त्याच २०२० मध्ये मिररलेसनं डीएसएलआरला मागं टाकलं. कॅनन १डीएक्स मार्क ३ आणि निकॉन डी६ हे त्यांचे शेवटचे मोठे डीएसएलआर ठरले. आरशावर अजून भरवसा ठेवून आहे ती पेंटॅक्स.

१९८७ च्या जुगाराचं पुढं काय झालं?

निकाल आत्ता लागतोय. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटार लेन्समध्येच असल्यानं साध्या अडॅप्टरनं त्या नव्या मिररलेसवर ऑटोफोकससकट चालतात, अगदी १९८७ च्यासुद्धा. निकॉनच्या मोटारवाल्या लेन्स चालतात, पण स्क्रूवर फिरणाऱ्या जुन्या लेन्स निकॉनच्या अडॅप्टरवर बसतात आणि ऑटोफोकस मात्र मिळत नाही. ज्या कंपनीनं शब्द पाळला तिच्या जुन्या गिऱ्हाइकाची आज अडचण आणि जिनं मोडला तिचं गिऱ्हाईक निवांत.

म्हणून कॅनन साधी झाली असं समजू नका. नव्या आरएफ माउंटसाठी ऑटोफोकस लेन्स बनवणाऱ्या व्हिल्ट्रॉक्स या चिनी कंपनीला तिनं २०२२ साली पेटंटचं कारण देऊन थांबवलं. सिग्मा आणि टॅमरॉनला परवानगी मिळाली ती २०२४ मध्ये, तीही छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांपुरती.

आता मुंबईच्या बोरा बाजारात नाहीतर ऑनलाइन, सेकंडहँड डीएसएलआर बरेच निघतात. शिकायला ते आजही उत्तम आहेत, फोटो काही त्यामुळं वाईट येत नाही. फक्त घेताना दुकानदाराला मेगापिक्सेलच्या आधी तीन गोष्टी विचारा. या माउंटच्या लेन्स किती आणि केवढ्याला मिळतात? या लेन्समध्ये मोटार आहे का? आणि उद्या मिररलेस घेतला तर या लेन्स त्यावर ऑटोफोकससकट चालतील का?

या तिन्हींची उत्तरं नीट मिळाली, तर कॅनन घ्या नाहीतर निकॉन. भांडायला मित्र आहेतच.